गुरुवारचा शेवटचा तास

शिंप्याच्या मुलीला सगळे मोजपट्टी म्हणत, आणि तिला त्यात कधी वावगं वाटलं नाही. चालायला लागली तेव्हापासून ती बापाच्या गळ्यातली टेप ओढून घ्यायची आणि हाताला लागेल ते मोजत बसायची. मांजराची शेपटी, दाराखालची फट, आजारी आईचं मनगट. पुढे आई गेली, थोरल्या भावाचं लग्न झालं, मोजपट्टी गणित घेऊन पदव्युत्तर परीक्षा पास झाली, आणि दुकानदारांची वजनं-मापं तपासणाऱ्या कार्यालयात नोकरीला लागली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं किलोचं वजन, वाकवलेली दांडी हे शोधण्यात तिची सहा वर्षं गेली.

एकदा एका वाण्यानं तिला विचारलं, "बाई, रिकामा असताना माझा तराजू सरळ उभा राहतो. मग खोटा कसा?" तिनं रद्दीच्या कागदावर दांडीचे दोन हात काढले, एक आखूड, एक लांब, आणि अर्धा तास त्याला समजावून सांगितलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती. वाण्यानं दंडाच्या पावतीवर सही केली, आणि ती निघताना म्हणाला, "तुम्ही चुकीच्या खात्यात आहात."

हे वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. तशात तिला ती जाहिरात दिसली. विज्ञान किंवा गणितात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या आणि शाळेत शिकवायची इच्छा असलेल्या एका उमेदवाराला शिष्यवृत्ती. दोन वर्षांचं शिक्षक-प्रशिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यातच. बदल्यात एवढंच, की पुढची तीन वर्षं जिथे या विषयांना शिक्षक मिळत नाही अशा शाळेत शिकवायचं. खाली बारीक अक्षरात आणखी एक अट होती: पहिलं वर्षभर दर गुरुवारी अमुक शाळेतल्या खोली क्रमांक सहामध्ये शेवटचा तास घ्यावा लागेल.

"फुकटात शिकवतात, वर खायलाही घालतात?" वहिनी म्हणाली. "काहीतरी गोम असणार."

"असू दे," बाबा मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "अर्ज करायला काय जातंय?"

मुलाखतीला टेबलामागे तिघं होती. प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य, एक निवृत्त शाळा तपासनीस आणि कडेला राखाडी स्वेटर घातलेल्या एक वृद्ध बाई. पहिल्या दोघांनी खूप प्रश्न विचारले. मुलाला ऋण संख्या कशी शिकवाल, वर्गात कुणी रडायला लागलं तर काय कराल, असं सगळं. बाईंनी काहीच विचारलं नाही. मोजपट्टीच्या तोंडाकडेही त्यांनी पाहिलं नाही. मग प्राचार्यांनी तिला फळ्यावर एखादं गणित सोडवायला सांगितलं, तशा बाई उठल्या, आपली खुर्ची सरकवत पार मागच्या भिंतीपर्यंत नेली आणि तिथे बसल्या.

गणित सुटलं. मोजपट्टीनं खडू ठेवला.

"लिहीत राहा," मागून आवाज आला.

"काय लिहू?"

"काहीही."

तिनं पाढे लिहिले. सतरा, अठरा, एकोणीस. फळा भरत आला तेव्हा बाई म्हणाल्या, "पुरे." तिनं वळून पाहिलं तर त्यांची नजर जमिनीवर होती.

बाहेर बाकावर तिच्यापेक्षा सरस गुण मिळालेले दोघं बसले होते. तरी आठ दिवसांनी पत्र आलं ते मोजपट्टीला.

प्रशिक्षण चांगलं होतं, हे आधी सांगून टाकलं पाहिजे. आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला का येत नाही, हे शोधून काढायला तिथे शिकवत. मोजपट्टी रात्री उद्याच्या पाठाचं टाचण काढायची, सकाळी सराव पाठ घ्यायची, चुका व्हायच्या, पुन्हा घ्यायची. तिला वाटायचं, हेच काम आपण जन्मभर शोधत होतो.

खटकायचा तो फक्त गुरुवार.

खोली क्रमांक सहा शाळेच्या मागच्या अंगाला होती. तीन रांगा बाकं, खिडक्यांना हिरवा रंग, आणि पुढच्या भिंतीवर दोन फळे. उजवा रोजच्या वापरातला. डाव्यावर पांढरी चादर ताणून चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. मुलं त्या बाजूला बघत नसत. एखाद्या घरात मेलेल्या माणसाची खुर्ची असते, तिला वळसा घालून सगळे जातात, तशी त्यांची नजर वळसा घालून जायची.

"चादरीमागं काय आहे?" तिनं शाळेच्या शिपायाला विचारलं.

"धाकट्या बाईंचं गणित आहे. त्या येऊन पुरं करतील," तो म्हणाला. नळ गळतोय, उद्या माणूस येईल, असं सांगावं तशा आवाजात. तिनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

चौदा वर्षांपूर्वी या शाळेत दोघी बहिणी शिकवत. थोरल्या बाई विज्ञान शिकवायच्या, त्याच मुख्याध्यापिकाही होत्या. धाकट्या बाई गणिताच्या. दोघींची लग्नं झाली नव्हती, घर एकच. एका गुरुवारी शेवटच्या तासाला धाकट्या बाई नववीला शिकवत होत्या. दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही हे सिद्ध करायचं होतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "समजा, लिहिता येतं." खाली दोन ओळी लिहिल्या. मग खडू ठेवला, टेबलावरच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उचलला, "आलेच" म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. मुलं घंटा होईपर्यंत वाट बघत बसली. घंटेनंतरही काही जण बसून होते. धाकट्या बाई परत आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पोलिसांनी रेल्वे स्टेशन पालथं घातलं, नातेवाइकांकडे विचारलं. पाण्यात ढेकूळ विरघळावं तशी बाई विरघळली.

"आणि ही शिष्यवृत्ती?"

"थोरल्या बाईंनी घातली. बहिणीच्या नावानं. तुम्ही सातव्या," शिपाई म्हणाला, आणि मग जरा चाचरत पुढे बोलला, "बाई, एक सांगू? व्हरांड्यात तुम्ही पुढं चालत असाल तर मी हाक मारत नाही. तोंडातून भलतंच नाव येईल, अशी भीती वाटते."

दर गुरुवारी थोरल्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसत. मुलाखतीतलाच राखाडी स्वेटर, मांडीवर हात. वही नाही, शेरा नाही, सूचना नाही. मोजपट्टी फळ्याकडे वळली की तिला दोन खांद्यांच्या मधोमध ती नजर जाणवायची, ओल्या बोटानं कुणी कापडावर खूण करावी तशी. वर्गाकडे वळली की बाई खाली बघत असायच्या. वर्षभरात दोघींची नजरानजर झाली नाही. मोजपट्टीला आपण वेड्यासारखा विचार करतोय असं वाटायचं, म्हणून तिनं एकदा मोजून पाहिलं. एका तासात ती एकतीस वेळा वळली. एकतीस वेळा बाईंची मान खाली होती.

खालच्या वर्गातल्या मुलांचा एक खेळ होता. एकानं व्हरांड्यात उभं राहून "आलेच" म्हणायचं आणि पळायचं. बाकीच्यांनी डोळे मिटून शंभर आकडे म्हणायचे. पळालेल्याला कुणी शोधायला जात नसे. खेळ एवढाच.

दुसऱ्या सत्रात महाविद्यालयात शिष्यवृत्तीधारकांचा मेळावा भरला. आधीच्या सहापैकी तिघी आल्या होत्या. व्हरांड्यात मोजपट्टीच्या पुढे दहा पावलांवर एक बाई चालली होती, आणि मोजपट्टी जागच्या जागी थबकली.

आपली पाठ माणसाला दिसत नाही. पण शिंप्याच्या मुलीची गोष्ट वेगळी. बाबांच्या दुकानात तीन बाजूंचा आरसा होता, त्यात ती लहानपणापासून स्वतःला मागून बघत आली होती. खांदा साडेचौदा. मान जरा पुढे. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. बाबा तिच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे कापडाची जादा घडी घालायचे. आणि समोर तीच पाठ चालली होती, तोच उतरता खांदा, तीच मान. क्षणभर तिला वाटलं की ती बाई वळली तर आपलाच चेहरा दिसेल.

बाई वळली. चेहरा अगदी वेगळा होता, रुंद, हसरा, नाकावर तीळ. आता ती डोंगरापलीकडच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती.

"तू सातवी ना?" ती म्हणाली. "मी चौथी. बघून घाबरलीस. मीसुद्धा तिसरीला बघून अशीच घाबरले होते."

"त्या पाठ बघून निवडतात?"

"पात्रता बघतात प्राचार्य. पाठ बघतात थोरल्या बाई. दोन्ही जुळलं की पत्र येतं. एखाद्या वर्षी जुळत नाही, मग कुणालाच देत नाहीत." मग तिनं आवाज खाली आणला. "वर्षाच्या शेवटी त्या तुला एक काम सांगतील. दोन मिनिटांचं आहे. करून टाक. मी फाटकापर्यंत गेले आणि परत वर्गात आले. का कोण जाणे, ढसाढसा रडले. पण झालं ते काही नाही."

त्या आठवड्याअखेर घरी गेल्यावर मोजपट्टीनं बाबांना सगळं सांगितलं. वहिनीनं "मी म्हटलं होतं" अशा नजरेनं दादाकडे पाहिलं. बाबांनी कात्री खाली ठेवली.

"आजवर तू जगाची मापं घेतलीस," ते म्हणाले. "तुझं कुणी घेतलं की टोचणारच. पण शिकायला मिळतंय ना नीट?"

"मिळतंय."

"मग ती बाई काय मागते ते ऐकून घे. आणि तिला तोंडावर विचार, हे का म्हणून."

वर्षातला शेवटचा गुरुवार आला. थोरल्या बाई त्या दिवशी मधल्या सुट्टीतच आल्या आणि पहिल्यांदाच मोजपट्टीच्या समोर उभ्या राहिल्या. जवळून बघता त्या फार म्हाताऱ्या नव्हत्या. न झोपलेल्या होत्या.

"आज तीन वाजून चाळीस मिनिटांनी," त्या म्हणाल्या, "फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचं. वह्यांचा गठ्ठा उचलायचा. 'आलेच' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. मुलांना मी सांगून ठेवते."

"हे का, बाई?"

थोरल्या बाईंनी शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती जुनी प्रयोगशाळा होती. "त्या दिवशी मी तिथे होते. नळीतून थेंब थेंब आम्ल सोडत होते, मुलांना रंग बदलताना दाखवायचा होता. एक थेंब जास्त पडला की सगळं वाया. तेवढ्यात खिडकीबाहेरून कुणीतरी गेलं. मला कळलं की ती आहे. वर्ग सोडून कुठे निघाली, असंही मनात आलं. पण मी मान वर केली नाही. रंग बदलला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बघितलं तेव्हा व्हरांडा रिकामा होता. मान वर केली असती तर मला काय दिसलं असतं, एवढंच बघायचंय. कशी चालत होती. घाईत होती का. मागे वळली का."

"सहा जणींमध्ये दिसलं नाही?"

"त्या सगळ्या फाटकापर्यंत जायचं म्हणून चालल्या."

मोजपट्टीला राग यायला हवा होता. तो आला नाही. ती म्हणाली, "बरं."

तीन चाळीसला तिनं खडू ठेवला. वर्गात चिटपाखरू नसावं अशी शांतता. तिनं गठ्ठा उचलला, तो शब्द म्हटला आणि बाहेर पडली. प्रयोगशाळेच्या खिडकीत थोरल्या बाई उभ्या होत्या. ती त्यांच्यासमोरून गेली, तिनं पाहिलं नाही. सवयीनं ती पावलं मोजत होती. व्हरांडा अडतीस. पायऱ्या अकरा. मैदान एकशे तेवीस. मैदानाला फाटकाच्या बाजूला उतार होता, इतके दिवस तो तिच्या लक्षात आला नव्हता. पाय आपोआप लांब पडत होते. फाटक आलं आणि तिनं दांड्याला हात लावला.

इथून परत फिरायचं होतं. ते तिला स्पष्ट आठवत होतं. पण कानात बसलेला दडा अचानक सुटावा तसं काहीतरी झालं. मागे शाळा होती, टाचणं होती, निरीक्षण वह्या होत्या, पाठीवरची ती नजर होती, आणि पुढे काहीच नव्हतं. हे "काहीच नाही" इतकं छान होतं की तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मोजायचं कधी थांबलं ते तिला कळलं नाही. कोपऱ्यावर बस उभी होती, मागचं दार उघडं. ती चढली, कंडक्टरला ओलांडून पुढे गेली आणि डाव्या बाजूच्या खिडकीकडे वळली.

"बऱ्याच वर्षांनी, बाई," मागून कंडक्टर म्हणाला. "शेवटचाच थांबा ना?"

ती वळली. कंडक्टरचा चेहरा पांढरा पडला. "माफ करा," तो म्हणाला. "मला वाटलं, दुसऱ्याच कुणीतरी."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शेवटचाच द्या."

बस शहराबाहेर पडली. गोदामं गेली, वीटभट्ट्या गेल्या, रस्ता चढत गेला. पन्नास मिनिटांनी सगळे उतरून गेले होते आणि बस एका पत्र्याच्या शेडसमोर थांबली. पुढे धरणाची भिंत, आणि भिंतीमागे पाणी. करड्या रंगाचं, न हलणारं, पलीकडचा काठ दिसू नये एवढं. भिंतीजवळ सिमेंटचं एक बाक होतं. मोजपट्टी त्यावर बसली. मांडीवर नववीच्या मुलांच्या वह्या होत्या. इथे आपण आधी येऊन गेलोय असं तिला वाटलं, आणि हे खोटं आहे हेही तिला माहीत होतं. पाण्याकडे बघताना डोक्यातला एकेक विचार दिवा विझावा तसा विझत होता. भिंतीवरून पाणी किती खाली आहे हे तिनं नजरेनं मोजायला घेतलं, आणि त्या सवयीनंच तिला भानावर आणलं. पुरुषभर, फार तर दीड. आपण हे का मोजतोय? ती दचकून उठली आणि बाकाच्या मागे जाऊन उभी राहिली.

कंडक्टर चहाचा पेला घेऊन लांब उभा होता. ती त्याच्याकडे गेली.

"तुम्हाला मी कोण वाटले?"

तो अवघडला. "एक शिक्षिका यायच्या. फार वर्षं झाली. दर गुरुवारी, याच बसनं. या बाकावर बसायच्या, वह्या तपासायच्या, पाणी बघायच्या आणि याच बसनं परत. बोलणं नाही, पण जाताना हसायच्या. एकदा परतीच्या वेळी आल्या नाहीत. मी दोनदा भोंगा वाजवला. मग म्हटलं, नंतरच्या गाडीनं येतील. पुढे माझा मार्ग बदलला. गेल्याच महिन्यात परत इकडे आलोय."

"पोलिसांनी विचारलं नाही?"

"मला कुणी काही विचारलं नाही, बाई. कशाबद्दल विचारायचं?"

ती परत आली तेव्हा दिवे लागले होते. मुलं केव्हाच घरी गेली होती. खोली क्रमांक सहामध्ये थोरल्या बाई शेवटच्या बाकावर बसून होत्या आणि शिपाई दारात उभा होता. मोजपट्टीला बघून तो भिंतीला टेकला. ती बाईंच्या शेजारी बसली आणि तिनं काहीही न गाळता सांगितलं. उतार, बस, बाक, पाणी, कंडक्टर.

"दर गुरुवारी," थोरल्या बाई म्हणाल्या.

"हो."

"गुरुवारी शेवटचा तास तिला मोकळा असायचा. मला सांगायची, वाचनालयात जाते. त्या आठवड्यात वेळापत्रक मी बदललं. नववी मागे पडली होती. तिचा गुरुवारचा मोकळा तास मी काढून घेतला. ती म्हणाली, दुसरा कुठलाही घे. मी म्हटलं, शाळा आपल्या सोयीनं चालत नाही."

शिपायानं तोंड फिरवलं. मोजपट्टी तिथेच बसून राहिली.

पुढच्या गुरुवारी दोघी त्याच बसनं गेल्या. धरणावर एक रखवालदार होता. आधी त्याला काहीच आठवेना. मग थोरल्या बाईंनी वह्या म्हटलं तसा तो शेडमध्ये गेला आणि फळीवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आला. बाकावर सापडलं होतं म्हणाला. वरच्या साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, राहू दे, कुणीतरी घेऊन जाईल. तपकिरी कागदाची कव्हरं, त्यांवर मुलांची नावं आणि "नववी". शाळेचं नाव कुठेच नव्हतं. पाठवणार कुठे?

अडतीस वह्या होत्या. थोरल्या बाईंनी बाकावर बसून एकेक उघडली. अडतीसच्या अडतीस तपासलेल्या होत्या. लाल शाई थोडी फिकी झाली होती, पण अक्षर ठाशीव होतं, कुठे घाई नाही. शेवटच्या वहीत गुणांखाली "छान" असं लिहिलं होतं आणि त्याखाली सरळ रेघ.

"सगळं तपासून ठेवलं," थोरल्या बाई म्हणाल्या. "म्हणजे परत यायचं नव्हतं तिला."

"किंवा दुसऱ्या दिवशी वाटायच्या होत्या," मोजपट्टी म्हणाली.

दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. पोलिसांना कळवलं, पाणबुडे आले, दोन दिवस शोधलं, काही मिळालं नाही. चौदा वर्षांत तीनदा दरवाजे उघडून पाणी सोडलं होतं, असं तिथला अभियंता म्हणाला. धाकट्या बाई पाण्यात गेल्या की नंतरच्या गाडीनं आणखी कुठे गेल्या, हे आजवर कुणाला माहीत नाही. मोजपट्टीला विचाराल तर ती सांगत नाही. त्या बाकावर बसून आपण काय मोजत होतो, ते तिला ठाऊक आहे, आणि फाटकापाशी किती हलकं वाटलं होतं, तेही ठाऊक आहे. या दोन्हींतलं खरं कुठलं, याचा विचार ती दिवसाउजेडीच करते.

थोरल्या बाईंनी डाव्या फळ्याच्या पट्ट्या काढवल्या. चादरीमागचं अक्षर जसंच्या तसं होतं. त्यांनी मोजपट्टीला नववीसमोर ते पुरं करायला सांगितलं. तिनं जुन्या ओळींखाली नव्या ओळी लिहिल्या, शेवटी आपलंच मानलेलं आपणच खोटं पाडतो ते मुलांना दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग झाडणाऱ्या मुलींनी इतर फळ्यांसारखाच तोही फळा पुसला. गुरुवारची अट निघाली. पुढच्या मुलाखतीला थोरल्या बाई उमेदवारांच्या समोर बसल्या आणि फुटक्या ढोलासारख्या आवाजाचा, दारात मावणार नाही असा एक रसायनशास्त्राचा गडी त्यांनी निवडला. बिचाऱ्याला कुणी तोवर कुठेच निवडलं नव्हतं.

मोजपट्टीनं प्रशिक्षण पुरं केलं, तीन वर्षं वीटभट्ट्यांपलीकडच्या शाळेत काढली आणि ती मुदत संपल्यावरही तिथेच राहिली.

पण प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी तिच्याकडे आणखी एक काम होतं. त्या अडतीस वह्या ज्याच्या त्याला परत करायच्या. थोरल्या बाईंना ते जमेना. त्या वही हातात घेत आणि पुन्हा ठेवून देत. मग मोजपट्टीनं हजेरीपट काढला आणि पत्ते शोधले. नववीतली मुलं आता तिशीला आली होती. कुणी परगावी होतं, दोघं हयात नव्हते. जे गावात होते ते शनिवारी दुपारी शाळेत येत, खोली क्रमांक सहाच्या दारात थबकत आणि आत यायला जरा वेळ घेत. एक परिचारिका आपली वही छातीशी धरून निघून गेली. एकानं कव्हरचा वास घेतला.

एका शनिवारी नळदुरुस्ती करणारा एक जण आला, हातात पाना, बोटांना वंगण. त्यानं हात पँटला पुसले, वही उघडली आणि उभ्या उभ्या वाचायला लागला.

"दहापैकी सात," तो म्हणाला. "मला नेहमी वाटायचं की मी नापास झालो असणार. म्हणून बाई वैतागून निघून गेल्या."

"सात म्हणजे बरेच आहेत."

"तीन कुठं गेले?"

मोजपट्टीनं वही घेतली. तिसऱ्या गणितापाशी लाल शाईत एक छोटा गोल होता.

"रीत बरोबर आहे तुमची," ती म्हणाली. "इथे कंस सोडवताना चिन्ह बदलायचं राहिलं."

"कुठं?"

तो अवघडून पहिल्या बाकावर बसला. तिनं खडू घेतला आणि ते गणित फळ्यावर लिहायला सुरुवात केली.